चित्रातल्या झाडाखाली

इंग्लिश निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात पाय दुखले म्हणून बाकावर टेकलो. शेजारी सत्तरीतलं एक जोडपं खुसखुसत होतं.

"अहो, हळू हसा. लोक बघतायत."

"बघू देत. तासाभरापूर्वीच सह्या करून नवरा झालोय मी."

"माझ्या लेकीला अजून पत्ता नाही."

"मग इथूनच सांग."

"भडकली तर?"

"तर या चित्रातल्या झाडाखाली जाऊन राहू. सावली झकास आहे."

"तिथं चिखल आहे. माझ्या चपला नव्या आहेत."

"लाव गं फोन."

"हॅलो, बाळा, मी लग्न केलं. हो, त्यांच्याशीच."

"काय म्हणतेय?"

"रडतेय. आणि विचारतेय, तुम्हाला काका म्हणू की बाबा?"

"तिला म्हणावं, आधी जेवायला बोलाव. मग काहीही म्हण."