अंतर्मुख आणि बहिर्मुख

आज तुम्ही मले बडबड्या म्हणता, पण एकोणीसशे साठच्या सुमारास यवतमाळले मास्तरकीच्या ट्रेनिंगमध्ये होतो तेव्हा माह्यं तोंडच उघडत नव्हतं. मानसशास्त्राच्या सरांनी माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचे दोन प्रकार शिकवले, अंतर्मुख आणि बहिर्मुख. मग माह्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बघा अंतर्मुख. याला माणसं नकोशी वाटतात."

पुढे आमचं ग्रामसेवा शिबिर पुसदकडे, आमच्याच बंजारा तांड्यावर भरलं. होळीचे दिवस होते. मी नगारा घेऊन लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, गायाले उभा राह्यलो, तर अख्खा तांडा माह्यामागे गाऊन राह्यला होता. सर पाहतच राह्यले.

"अरे, तू तर चांगला बहिर्मुख आहेस. मग वर्गात का बोलत नाहीस?"

"सर, पहिल्या दिवशी बोललो होतो. आमच्या घरात गोरबोली, म्हणून मराठी बोलताना अडखळलो. सारे हसले. तुम्हीबी हसले."

सरांनी माह्या खांद्यावर हात ठेवला. मले वाटलं, या माणसाले समजलं.

यवतमाळले परतल्यावर त्यांनी वर्गात तोच विषय काढला. परिस्थितीनं व्यक्तिमत्त्व कसं दबतं हे समजावताना माही अडखळती मराठी त्यांनी हुबेहूब करून दाखवली. वर्ग पोट धरून हसला.

"फार छान उदाहरण आहे," सर मले म्हणाले. "तुझी हरकत नाही ना?"

मी नुसती मान डोलावली. तोंडानं काही सांगायची हिंमत त्यांनी ठेवलीच नव्हती.