थांबा रिकामा

मावशी: ...मी त्या मॅनेजरबाईंना म्हटलं, मोटार कशाला, मी आपली बसनं जाईन दवाखान्यात. तर म्हणाल्या, छे छे, आमच्या पार्कात तुमच्या मिस्टरांना लागलं, एवढं तर आम्ही करणारच. वर म्हणाल्या, ड्रायव्हरही आमचा सगळ्यात चांगला देते. म्हणजे तुम्ही.

ड्रायव्हर: असं म्हणाल्या?

मावशी: गेल्या महिन्यात पहिला नंबर आलाय म्हणे तुमचा. कशात हो?

ड्रायव्हर: वेळेत. बस वेळेवर नेण्यात. जो पहिला येईल त्याला महिनाभर पाहुण्यांची मोटार चालवायला मिळते. बसमध्ये सगळं ऊन अंगावर येतं, इथं गार असतं.

मावशी: मग चांगलं झालं की. तोंड का असं पाडलंय?

ड्रायव्हर: नाही, झोप झाली नाही नीट. काच खाली करू का मावशी? फार गार होत असेल तुम्हाला.

मावशी: राहू दे. झोप मलाही नाही. डोळा लागला की ते बाकडं दिसतं.

ड्रायव्हर: कुठलं बाकडं?

मावशी: तळ्याच्या थांब्यावरचं. तुम्हाला माहीत असेल, तुमचंच पार्क. खांबाजवळ सावलीचं नाव नाही. मागे झाड आहे, त्याखाली बाकडं. पोरं पाण्याच्या खेळांकडे पळाली, सूनबाई त्यांच्यामागे, आणि आम्ही दोघं म्हातारी हॉटेलवर येऊन पडणार होतो. हे म्हणाले, खांबाजवळच उभं राहू, बसवाला खांब बघतो. मी म्हटलं, डोळे असतील तर बाकडंही दिसेल. ओढून नेलं ह्यांना सावलीत. माझं नेहमीचं. सगळं मलाच कळतं.

ड्रायव्हर: उन्हात उभं राहण्यापेक्षा बरंच केलंत.

मावशी: काय बरं केलं? त्या बाईंनी संगणकावर बघून सांगितलं, त्या वेळी बस आली होती, थांब्यावर कुणी नव्हतं. गोडच बोलल्या हो. म्हणाल्या, आजी, बाकडं म्हणजे थांबा नाही, नियमात खांब आहे. आता नियम काढून भांडायचं कुणाशी? मग पुढची बस येईना, ह्यांचा धीर सुटला, उतारावरनं चालत निघाले. पाय घसरला. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. केलं कुणी? मी.

ड्रायव्हर: तसं म्हणू नका.

मावशी: मी कशाला म्हणू, मुलगाच म्हणतो. हा बघा, नाव काढलं आणि फोन. थांबा हं. ...हां बोल. ...निघालेय, मोटारीतच आहे. ...संध्याकाळी येतोस? बरं. कपडे भरते त्यांचे. ...ती निळी बॅग? ...अरे पण एकदा त्यांना विचार तरी, त्यांना यायचंय का तुझ्याकडे. ...नाही रे बाबा, मी कुठं म्हणतेय की मी नीट सांभाळलं. ...डॉक्टर काय म्हणाले? ...डोक्याचे? डोक्याचे कशाला? ...बरं. ...बरं. ठेव.

ड्रायव्हर: घेऊन जाणार काकांना?

मावशी: त्याच्या गावी. तिथं मोठे डॉक्टर आहेत, डोक्याचे. परत पाठवेल असं वाटत नाही. त्याची जागा दोन खोल्यांची, ह्यांच्यासाठी बैठकीत कॉट टाकतोय. मला जागा नाही. म्हणाला, आई, तू आपल्या घरी राहा, सणावाराला ये. म्हटलं, बरं. काय बोलणार? ज्या बाईनं नवऱ्याला उन्हातनं पडायला पाठवलं, तिनं कुठल्या तोंडानं हक्क सांगायचा?

ड्रायव्हर: पण डोक्याचे डॉक्टर कशाला? हाताला लागलंय ना?

मावशी: ते बोलतातच तसं. पडल्यापासून एकच धरून बसलेत. बस आली होती. मी उठून उभा राहिलो, टोपी हलवली. बसवर जिराफ काढलेला, एका कानाचा रंग गेलेला. आणि ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मान फिरवली आणि गेला. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या ह्यांनी, तर बोलतात असं रंगबिंग सांगून. मुलगा म्हणतो, बाबांना आता जिराफ दिसायला लागले. नातवंडं हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. अगं बाई, केवढ्यानं ब्रेक मारलात. कुत्रं आलं का?

ड्रायव्हर: नाही. ...हो. गेलं ते.

मावशी: सावकाश चालवा. पहिला नंबर आलाय तुमचा.

ड्रायव्हर: तुम्ही नव्हती बघितली बस?

मावशी: माझी चपलेची पट्टी निघाली होती, मी वाकलेली. घरघर ऐकली. मान वर केली तर रस्ता मोकळा. ह्यांना म्हटलं, त्यानं बघितलं हा तुम्हाला भास झाला, ड्रायव्हर माणसं बघून कसा पुढे जाईल? आणि गंमत सांगते, आधी मला वेडी म्हणाले, दवाखान्यातही तेच. काल संध्याकाळी मात्र म्हणाले, जाऊ दे, तू म्हणतेस तसंच असेल. त्यांनी भांडण सोडून दिलं हो. कधी सोडत नाहीत. मीठ कमी की जास्त यावर आमचं दोन दोन दिवस चालतं.

ड्रायव्हर: मावशी, डेपोत मला गोगलगाय म्हणायचे.

मावशी: आँ?

ड्रायव्हर: माझी बस कायम उशिरा. कुणी लांबून पळत आलं की मी थांबायचो. कुणाची बाबागाडी मिटत नसायची, उतरून मिटवून द्यायचो. मग पार्कात सुधारणा झाली. प्रत्येक थांब्यावर स्क्रीन लागले, बस किती मिनिटांत येणार ते दाखवणारे. पाहुण्यांना ताटकळायला नको, चांगलंच होतं. पण स्क्रीन खोटा ठरला की आमचे गुण जायचे. मी सहा महिने शेवटून पहिला. जेवताना सगळे म्हणायचे, गोगलगायीला आधी वाढा, पोचेपर्यंत संपेल.

मावशी: टवाळ असतात मेले. मग सुधरलात कसे?

ड्रायव्हर: सुधरलो नाही. बसमध्ये एक बटण असतं. थांबा रिकामा. थांब्यावर कुणी नसलं की ते दाबायचं आणि न थांबता पुढं जायचं. स्क्रीनला तेही चालतं, बस येऊन गेली असंच धरतो. आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तळ्याच्या थांब्यावर कॅमेरा खांबावर आहे. बाकडं त्यात येत नाही. उशीर झाला असला की... बाकड्यावरची माणसं मोजायची नाहीत.

मावशी: मोजायची नाहीत म्हणजे?

ड्रायव्हर: असली तरी बटण दाबायचं.

मावशी: आणि कुणी बघितलं तर?

ड्रायव्हर: पाहुणा काय बघणार? त्याला वाटतं, आपलंच चुकलं. खांबाजवळ उभं राहायला हवं होतं.

मावशी: तुमच्या बसवर काय काढलंय?

ड्रायव्हर: सगळ्याच बसवर काही ना काही काढलेलं असतं.

मावशी: मी विचारतेय.

ड्रायव्हर: जिराफ.

मावशी: गाडी बाजूला घ्या.

ड्रायव्हर: दवाखाना पुढच्या वळणावरच आहे, मावशी.

मावशी: बाजूला घ्या म्हटलं ना. आणि हे दार उघडा, मला ह्याची कडी कळत नाही.

(मावशी उतरून रस्त्याच्या कडेनं चालू लागतात. मोटार त्यांच्या बाजूनं हळूहळू येत राहते.)

ड्रायव्हर: मावशी, आत बसा. ऊन फार आहे.

मावशी: त्या दिवशीही होतं.

ड्रायव्हर: मला शिव्या द्या, पण बसा.

मावशी: शिव्या देऊन तुम्हाला मोकळं करू? ह्यांनी टोपी हलवली ती दिसली होती?

ड्रायव्हर: दिसली. दोनदा हलवली. आधी उजव्या हातानं, मग काठी त्या हातात घेऊन डाव्या हातानं.

मावशी: आणि तुम्ही बघितलंत त्यांच्याकडे.

ड्रायव्हर: बघितलं. म्हणूनच मान फिरवली. पुढच्या थांब्यावर घसरगुंडीकडची गर्दी होती, महिन्याचा शेवटचा दिवस होता, मी पहिला होतो. मनात म्हटलं, मागची बस घेईल त्यांना. मागची बस त्या दिवशी बंद पडली, ते मला नंतर कळलं.

मावशी: नंतर म्हणजे कधी?

ड्रायव्हर: त्याच संध्याकाळी. डेपोत बोलणं झालं, कुणी म्हातारे पाहुणे पडले.

मावशी: आणि आज तिसरा दिवस. सकाळी मॅनेजरबाईंनी मला तुमच्या स्वाधीन केलं तेव्हा ओळखलंत?

ड्रायव्हर: तुम्हाला नाही ओळखलं. तुम्ही वाकलेल्या होतात. बाई म्हणाल्या, पडलेल्या पाहुण्यांच्या मिसेस, तेव्हा कळलं. आजारी आहे सांगून घरी जाणार होतो.

मावशी: मग का आलात?

ड्रायव्हर: माहीत नाही. वाटलं, सोडून येऊ मुकाट्यानं, तेवढीच सेवा. तुम्ही काचेबाहेर बघत बसाल असं वाटलं होतं. तुम्ही तर बसल्यापासून सगळं स्वतःच्या अंगावर घेताय.

मावशी: मुकाट्यानं सोडली असतीत, तर रात्री झोप लागली असती?

ड्रायव्हर: नसती. पण नोकरी राहिली असती. घरी आई अंथरुणाला आहे. मुलीची शाळा आहे.

मावशी: मी असं म्हणणार नाही की तुमची नोकरी जाणार नाही. जाईलही. माझंही घर आहे बाबा. उद्यापासून त्यात मी एकटी. आणि हे बैठकीतल्या कॉटवर, नातवंडं येता-जाता विचारणार, आजोबा, आज जिराफ दिसला का?

ड्रायव्हर: मी काय करू सांगा.

मावशी: आधी दार उघडा. बसते. तुमच्यासाठी नाही, ह्यांची जेवणाची वेळ टळतेय. आणि दारात सोडून पळायचं नाही. वर यायचं. मला सांगितलंत तसं तिथं सांगायचं. मला एकटीला सांगून तुमचं भागेल, माझं नाही.

ड्रायव्हर: तिथं मोटार लावू देत नाहीत.

मावशी: लावा तरी. एक नियम आज तुमच्याकडनं मोडू दे आमच्यासाठी.

(दवाखान्याच्या दारात मोटार लावून दोघं आत जातात.)

ड्रायव्हर: कुठल्या मजल्यावर?

मावशी: या माझ्यामागनं. ही खोली. ...झोपलात का हो?

काका: आज गुरुवार. मी दवाखान्यात आहे. शंभरातून सात गेले, त्र्याण्णव.

मावशी: मी आहे.

काका: मग ठीक. सकाळपासून जो येतो तो वार विचारतो. आता वाटायला लागलंय, खरंच विसरेन. बरोबर कोण?

मावशी: तुम्हीच बघा.

काका: ह्यांना मी कुठंतरी... नाही. नसेल. माझ्या बघण्याचं आता काही खरं नाही. डॉक्टर आहात का? बसा.

ड्रायव्हर: बघितलंय काका तुम्ही मला. तळ्याच्या थांब्यावर. जिराफाच्या बसमध्ये मीच होतो.

काका: पुन्हा बोला.

ड्रायव्हर: तुम्ही टोपी हलवलीत. मी बघितलं आणि मान फिरवली. बटण दाबलं, थांबा रिकामा म्हणून. वेळ गाठायची होती.

काका: कानाचा रंग?

ड्रायव्हर: डाव्या. फांदी घासून गेलाय. अजून लावला नाही कुणी.

काका: ऐकलंस?

मावशी: ऐकलं. बाकड्यावर नेलं ती माझी चूक नव्हती, हे आता कळलं. पण तुम्ही दिसलं म्हणालात आणि मी खोडून काढलं, ते माझंच. तीन दिवस. पोरांबरोबर हसलेसुद्धा.

काका: तुझं नंतर बघू. घरी गेल्यावर निवांत भांडू. आणि तुम्ही, तुमच्यासाठी माझ्याकडे आत्ता चांगला शब्द नाही. उगाच वाट बघू नका.

ड्रायव्हर: नाही बघत.

काका: मी त्या रात्री डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं की नाही. काल ठरवून टाकलं, नाही. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय?

ड्रायव्हर: कळतंय.

काका: त्याला फोन लाव गं. नाही, तू बोलू नकोस. मीही नाही. आपलं दोघांचं ऐकून झालंय त्याचं. ह्यांच्याकडे दे.

मावशी: घ्या. वाजतोय.

ड्रायव्हर: नमस्कार साहेब. ...नाही, दवाखान्यातला नाही. पार्कातला बस ड्रायव्हर बोलतोय. ...आईंना काही झालं नाही, बऱ्या आहेत, इथंच उभ्या आहेत. काकाही बरे आहेत. ...तुमच्या वडिलांना भास झालेला नाही, एवढं सांगायला फोन केला. ...हो, आहे साहेब, जिराफाची बस आहे. ...माझं नाव लिहून घ्या, ऑफिसात सांगायला लागेल. ...नाही, मला कुणी पढवलेलं नाही. मी त्यांना बघितलं होतं.