ठेवीला हात लावायचा नाही

बँकेच्या रांगेत मावशी आणि भाची उभ्या होत्या. मागे एक निवृत्त कंडक्टर होते. रांग हलेना, तेव्हा त्यांनी निदान कान तरी पुढे सरकवले.

"क्रेडिट कार्डाचं बिल भरतेस ना वेळेवर?"

"एकही तारीख चुकवली नाही, मावशी. दर महिन्याला हजार. कमीत कमी तेवढे भरले तरी चालतं."

"गेल्या वर्षी कार्डावर घेतलेला लॅपटॉप केवढ्याचा होता?"

"वीस हजारांचा. आता साडेसतरा राहिलेत."

"म्हणजे वर्षात बारा हजार भरलेस आणि फिटले अडीच?"

"व्याज असतं ना."

"अगं, तुझी पंचवीस हजारांची ठेव आहे की. ती मोड आणि एकदाच भरून टाक."

"ठेवीला हात लावायचा नाही, असं तूच बजावलं होतंस. पहिल्या पगाराला."

"चैनीसाठी लावू नकोस म्हटलं होतं, बाई. शिवण उसवली तर महिन्याला एकेक टाका घालतं का कुणी? आजच मोड. तो बघ, त्या टेबलावर फॉर्म आहे."

"आणि तू कशाला आलीस?"

"शिलाई मशीनचा हप्ता भरायला."

"तुझीही ठेव आहे ना?"

"आहे की. चांगली चाळीस हजारांची."

"मग व्याज जास्त कशाचं, ठेवीचं की मशीनच्या कर्जाचं?"

मावशीने पासबुक उघडलं आणि परत मिटलं.

"दोन फॉर्म आण."

"जा पोरी, जागा मी धरतो," मागून कंडक्टर म्हणाले. "येताना तीन आण."