साडेसातचे आभार

…नाही, नाही, हसू नका! तुम्हाला हसायला काय जातंय? तुमच्या मागे कोण बसतंय त्या स्कूटरवर? माझ्या मागे बसतात आमच्या वहिनी. मांडीवर फायलींची पिशवी, पिशवीवर छत्री, छत्रीवर डबा, आणि या सगळ्या ढिगावरून माझ्या कानात अखंड… "भाऊजी, डावीकडे घ्या… भाऊजी, तो दवाखाना नवा दिसतोय, डॉक्टरांना वर्गणीचं विचारू या का?… भाऊजी, खड्डा!" अहो, खड्डा मला दिसत नाही का? पंधरा वर्षं जातोय मी त्या खड्ड्यातून, माझी आणि त्याची घरोब्याची ओळख आहे! पण बोलायचं नाही. माझं काय, मी आपला स्कूटर चालवणारा!

तर तुम्हाला सांगतो, वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको. या बाईंनी रेडिओ केंद्र काढलंय! आपल्या भागापुरतं हो, आठ-दहा किलोमीटर पुढे गेलात की नुसती खरखर. वेल्डिंगच्या वर्कशॉपवर एक खोली, खालचा वेल्डर कामाला लागला की बातमीपत्रात ठिणग्या उडाल्यासारखा आवाज येतो, म्हणून त्याच्या जेवणाची वेळ ती यांच्या मुलाखतींची वेळ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या जुन्या रजया ठोकल्यात. जुन्या म्हणजे कुणाच्या? एक माझी आहे! थंडीत मी कुडकुडतोय आणि भिंत उबेत!

आता तुम्ही म्हणाल, या रेडिओवर असतं तरी काय? काय नसतं ते विचारा! पाणी किती वाजता येणार, कुठला रस्ता खणलाय, नर्सबाई तापावर बोलतात, शिंपीकाका गातात… म्हणजे त्यांच्या मते गातात… कुणाचं वासरू हरवलं, कुणाला छत्री सापडली. मी पण हसायचो, खोटं कशाला बोलू? पण मागच्या वर्षी टाकीचं पाणी खराब झालं ना, तेव्हा ही बाई दोन दिवस त्या खोलीतून हलली नाही. दर दहा मिनिटांनी, "पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या…" घसा बसला, आवाज फाटला, तरी चालूच. आमच्या गल्लीत एकही मूल आजारी पडलं नाही. मी तेव्हापासून हसणं बंद केलं. वहिनींसमोर तरी.

बरं, चाललं होतं सगळं. तर ते ट्रान्समीटर, म्हणजे ज्या लोखंडी कपाटातून यांचा आवाज वर मनोऱ्यावर जातो ते, ते लागलं कण्हायला. मेकॅनिक आला, कपाट उघडलं, आत बघून डॉक्टरसारखा मान हलवायला लागला. म्हणाला, "महिनाभर ओढेल. नंतर नवीनच घ्यावं लागेल, नाहीतर दुकान बंद." किंमत सांगितली तर दादा खाली बसला. दादा म्हणजे माझा भाऊ, दिवसाला तीन वाक्यं बोलणारा माणूस. त्या दिवशीची तिन्ही तो एका दमात बोलून बसला, "बापरे. बापरे. बापरे."

वहिनी काय म्हणाल्या असतील? "भाऊजी, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का?"

झालं! तिथून आमची वरात निघाली. माझं काय, मी आपला स्कूटर चालवणारा!

पहिले गाठले पाइपवाले शेठ. दुकानाच्या दारात हे एवढाले पाइप, आत शेठ. दोन तास बसवून ठेवलं आम्हाला, दोन तास! गिऱ्हाईक येतंय, जातंय, शेठ आमच्याकडे बघतायत आणि बघत नाहीयेत. शेवटी म्हणतात कसे, "बाई, काम तुमचं फार थोर आहे हो… फाआर थोर… पण सध्या मंदी आहे." मंदी? माझ्यासमोर त्या दोन तासांत ट्रकभर पाइप गेले! मी आपला आतल्या आत उकळतोय. आणि वहिनी? हसून नमस्कार केला, "शेठ, वेळ दिलात, येते."

आता ऐका, खरी गंमत इथे आहे. या रेडिओवर रोज संध्याकाळी साडेसातला एक कार्यक्रम असतो, 'आजचे आभार'. त्या दिवशी केंद्राला ज्यांनी ज्यांनी जे काही दिलं, ते वहिनी वाचून दाखवतात. वेल्डरने अर्धा तास मशीन बंद ठेवलं, आभार. नर्सबाईंनी खुर्ची दिली, आभार. आणि वहिनींचा नेम असा, की जे मिळालं ते सांगायचं, जसंच्या तसं, मीठमसाला न लावता, आणि कुणालाही वगळायचं नाही. कुणालाही म्हणजे… कुणालाही!

मी घरी हात-पाय धुतोय, आमची ही स्वयंपाकघरातून रेडिओ लावतेय, आणि आवाज येतो, "आज पाइपवाल्या शेठांकडे गेलो होतो. शेठांनी आम्हाला दोन तास बसू दिलं. पैसे दिले नाहीत. पंखा मात्र पूर्ण वेळ चालू ठेवला होता. पंख्याबद्दल शेठांचे मनापासून आभार."

माझ्या हातातला तांब्या पडला! ही बाहेर येऊन विचारते, "अहो, जाऊबाईंनी टोमणा मारला का हो?" अगं, टोमणा मारायचं त्यांच्या स्वभावातच नाही! मारला असता तर मला भीती वाटली नसती. त्या खरोखर आभार मानत होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ जिना चढून वर, धापा टाकत, "बाई! माझी अब्रू गेली! बायको विचारतेय, बाईमाणसाला दोन तास बसवून ठेवलंत? मुलगी विचारतेय, पप्पा, पंखा तरी जोरात होता का?" आणि वहिनी गोंधळून त्यांच्याकडे बघतायत. "पण शेठ, मी आभारच मानले ना? फार उकडत होतं हो काल." शेठांनी मनोऱ्याला आधार द्यायला सहा पाइप पाठवले गुपचूप. संध्याकाळी त्या पाइपांचे आभार. सहाच्या सहा, जाडीसकट!

मग काय, बातमी पसरायला वेळ लागतो होय? चपलांच्या दुकानदाराने, "उद्या या, उद्या या," असं चार वेळा सांगितलं. संध्याकाळी, "चपलांच्या दुकानदारांनी आम्हाला चार वेळा पुन्हा बोलावलं, या आपुलकीबद्दल आभार." लग्नाचं लॉन भाड्याने देणाऱ्या मालकाने कुत्रं सोडलं, तर, "कुत्रं अंगावर आलं, पण मालकांनी शिट्टी वेळेवर वाजवली. शिट्टीबद्दल आभार!" अहो, लोक साडेसातला जेवायची ताटं बाजूला ठेवून रेडिओपाशी बसायला लागले! आणि आमची स्कूटर गल्लीत शिरली, की खडाखड शटरं खाली! नुसत्या माझ्या हॉर्नवर बाजार बंद व्हायचा. मी म्हटलं, "वहिनी, एवढं खरं बोलून वर्गणी मिळत नसते." तर म्हणतात, "भाऊजी, मग काय खोटं बोलून मिळवायची?" मी आपला गिअर टाकला.

देणारे देत होते, नाही असं नाही. पण मोलमजुरी करणारी माणसं ती, त्यांच्या दहा-वीस रुपयांनी ट्रान्समीटर कुठलं यायला? महिना संपायला चार दिवस राहिले. कपाट आता कण्हत नव्हतं, घरघरत होतं. एकच जागा उरली होती, संस्थांना अनुदान देणारं निधी मंडळ.

निधी मंडळ म्हणजे लांब व्हरांडा, बाकडी, आणि टोकाला साहेब. पाणीसुद्धा विचारलं नाही हो! फॉर्म पुढे सरकवला, वीस रकाने. वहिनी भरत गेल्या भराभर, आणि अकराव्यावर थांबल्या. 'श्रोत्यांची संख्या, पुराव्यासह'. मी कानात कुजबुजलो, "पन्नास हजार लिहा, कोण मोजायला येतंय!" वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मोजलेत?" "नाही." "मग?" आणि मोठ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'माहीत नाही'.

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, कोण ऐकतं हेच तुम्हाला माहीत नाही, तर मंडळाने पैसे द्यायचे कुणासाठी?" आणि फॉर्म परत.

येताना खड्डा आला, तो वहिनींनी सांगितला नाही. तुम्हाला सांगतो, तो खड्डा मला आयुष्यात पहिल्यांदा लागला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. धक्क्याने हो!… बरं, नुसत्या धक्क्याने नाही.

पण साडेसात वाजले आणि बाई बसल्या माइकपुढे. तोच आवाज. "आज मंडळाच्या साहेबांकडे गेलो होतो. साहेबांनी आमचा फॉर्म शेवटपर्यंत वाचला. तुम्हाला कोण ऐकतं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आम्हाला उत्तर देता आलं नाही. फॉर्म नीट वाचल्याबद्दल साहेबांचे आभार." बस्स. ट्रान्समीटरचं नाव नाही, चार दिवसांचं नाव नाही, मदत करा नाही, काही नाही!

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मंडळाच्या शिपायाचा फोन, "आत्ताच्या आत्ता या हो!" गेलो. तर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही! शिंपीकाका, नर्सबाई, बसचा कंडक्टर, वेल्डर काळा चष्मा कपाळावर चढवून, भाजीवाल्या, शाळेच्या बाई… आणि मधोमध कारकून ओरडतोय, "एकेक जण या! पुरावा आणलाय का, पुरावा?" शिंपीकाका आपला कान धरून त्याच्या तोंडापुढे नेतायत, "हा बघ पुरावा! दोन आहेत, दुसरा पण दाखवू?" कोपऱ्यात, तुम्हाला खोटं वाटेल, पाइपवाले शेठ! मला बघून म्हणाले, "काय करणार, घरचे ऐकतात ना."

आत साहेब घामाघूम. "ताई, बसा, बसा. पाणी आणा रे ताईंना! हे बघा, मी मंजूर करतो. आत्ता सही करतो. फक्त एक अट… ते आभार तेवढे बंद करा."

मी मनात देव पाण्यात ठेवले. हो म्हणा, वहिनी! एवढं एकदा हो म्हणा! आणि या बाई शांतपणे विचारतात, "साहेब, आभार बंद केले, तर तुमचे कसे मानू?"

"माझे मानूच नका!"

"असं कसं? तुम्ही पैसे देणार आणि आम्ही गप्प बसणार? ते नाही व्हायचं. मग राहू द्या पैसे." आणि पिशवी उचलून उभ्या! अहो, तीन दिवस उरलेत, कपाट शेवटच्या घटका मोजतंय, आणि या उभ्या! मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला… आणि इतका अभिमान वाटला… दोन्ही एकदम, कुठलं आधी ते कळेना.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेबांच्या आई. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्या बोलतात मोठ्याने, साहेब फोन कानापासून हातभर लांब धरून बसलेले, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू. "काय रे, काल त्या बाई तुझ्याकडेच आल्या होत्या ना?" "आई, मी कामात आहे." "माझे पाय गेल्यापासून दोन वर्षं मी या खुर्चीत आहे. तू सकाळी जातोस, दिवे लागल्यावर येतोस. दिवसभर माझ्याशी कोण बोलतं, विचारलंस कधी? ती बाई बोलते. आणि तू तिलाच विचारतोस, कोण ऐकतं म्हणून?"

साहेब नुसते, "हो आई… हो… जेवलीस का?" म्हणाले आणि फोन ठेवला. मग फॉर्म पुढे ओढला, अकराव्या रकान्यातलं 'माहीत नाही' खोडलं, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं, 'एक'. मग दाराबाहेर बघितलं आणि पुढे लिहिलं, 'व इतर'. पुराव्याच्या जागी कारकुनाची आख्खी यादी टाचली आणि सही केली. अटीचं नाव काढलं नाही.

नवीन ट्रान्समीटर बसलं हो! असा खणखणीत आवाज येतो, की शिंपीकाका आणखीच वाईट गातात असं आता कळतं. त्या संध्याकाळी साहेबांचे आभार, आईंचे आभार, पाण्याच्या ग्लासाचेही आभार. मी जिन्याखाली स्कूटरपाशी उभा, म्हटलं सुटलो बुवा! आता मी आणि माझी खुर्ची! वहिनी उतरल्या, डोळे भरलेले, मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यामुळे झालं." मला एकदम भरूनच आलं. तोच पुढचं वाक्य, "पण मंजुरी एकाच वर्षाची आहे. पुढच्या वर्षाचं आत्तापासून बघायला हवं. उद्या सकाळी सातला निघू या?"

आता तुम्ही म्हणाल, सरळ 'नाही' सांगायचं! अहो, जमतच नाही हो… वहिनींना मी 'नाही' म्हटलं, तर साडेसातला माझे आभार मानतील!