बोडका घट

द्रौपदा — कडाकणी म्हणतात तिला, बाई. पुरी न्हाई. बघ कशी फुगलीय! ही फुलोऱ्याला टांगली तर देवीला वाटंल, ह्या घरात कुणाला गालगुंड झालंय.

अमृता — पुन्हा लाटते.

द्रौपदा — लाट. पातळ लाट. मोडली की कट्टकन आवाज आला पायजे. आईनं शिकवलं न्हाई का काय? तुमचं बरंय म्हणा, ओतूरला बाजारपेठ दारात. देवीच्या कडाकण्याबी पाकिटातनं आणत असतील.

अमृता — माहेरी मीच करायची, आई. आज गुळाचं पाणी जास्त झालंय. पीठ तुम्ही मळलंय.

द्रौपदा — तोंड दिलंय देवानं तुला. हात द्यायचा इसरला.

अमृता — हातावरनं आठवलं. माझा हात घटाला चालत नाही. चार माळा झाल्या, मी देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ही चूलसुद्धा तुम्ही पडवीत मांडली, माझ्यासाठी. मग देवीच्याच फुलोऱ्याच्या कडाकण्या लाटायला तोच हात कसा चालतो?

द्रौपदा — लाटलेलं तेलातनं निघतं. तळलं की इटाळ ऱ्हात न्हाई.

अमृता — मग घटच तळायचा होता.

द्रौपदा — जीभ आवर! देवीला ऐकू जातं. आदीच ती रुसून बसलीय. आज सातवी माळ. सात माळा, आन घटाच्या मातीत एक कोंब न्हाई. गहू टाकला, मका टाकला, जवारी, हरभरा, समदं मूठ मूठ टाकलं. मातीनं पार गिळून टाकलं. त्या शेजारच्या कुशाबाईच्या घरी जाऊन बघ, घट इतभर वर आलाय. तिची सून दिवसभर मोबाइल घेऊन लोळती, तरीबी.

अमृता — बघितलाय. त्या मुद्दाम हाक मारून दाखवतात.

द्रौपदा — दाखवणारच. तिला दुसरं हाय काय दाखवायला? भिंती पोपडलेल्या, दारातला झेंडू सुकलेला, पण घट मातूर हिरवागार! मी ह्या घरात नांदायला आल्यापासनं आमचा घट कधी बोडका ऱ्हायला न्हाई. दुष्काळात ऱ्हायला न्हाई. ह्याच वर्षी ऱ्हायला. मग माणूस इचार करणारच ना, ह्या वर्षी घरात नवं काय आलं?

अमृता — मी आले. आणि फ्रीज आला.

द्रौपदा — काय?

अमृता — पाडव्याला फ्रीज आला, वैशाखात मी आले. फ्रीजला कुणी विचारलं नाही, तुझी अडचण कधी होती, तू घटाला शिवलीस का म्हणून. मला विचारलंत. तेही कुशाबाईंच्या समोर, अंगणात, झेंडू तोडायला आलेल्या चार बाया उभ्या असताना.

द्रौपदा — मला काय हौस व्हती? कळंबवरनं वन्संचा फोन आला. सरूबाईचा सोभाव तुला ठावं न्हाई अजून. म्हनल्या, वयनी, सुनेला इचारा, घट असा मरत न्हाई. इचारलं.

अमृता — मी नाही म्हणाले होते.

द्रौपदा — नाही तर समद्याच म्हणतात.

अमृता — मग विचारता कशाला?

द्रौपदा — हे बघ, वाद नको. मी ठरवलंय. उद्या अष्टमीला वन्सं येणार. येताना दोन पिशव्या आन एक तोंड घेऊन येतील. पिशव्या हितं रिकाम्या व्हतील, तोंड भावकीत जाऊन रिकामं व्हईल. त्यांनी बोडका घट बघायचा, आन त्याच्या शेजारी तू उभी! नको. सकाळी तू ओतूरला जा. दसरा झाला की ये.

अमृता — लग्नानंतरचा माझा पहिला दसरा आहे, आई.

द्रौपदा — दुसरा चांगला करू.

अमृता — सोनं वाटायच्या दिवशी सून माहेरी धाडली, तर गाव काय समजेल?

द्रौपदा — जे समजायचं ते समजंल. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच हाय.

अमृता — म्हणजे मीच शिवले. मीच बाटवला. ह्यावर शिक्का मारून मला पाठवायचं.

द्रौपदा — मी तसं म्हनले का?

अमृता — म्हणायची गरज नाही. माझी बॅग बोलेल एसटी स्टँडवर.

समाधान — आई! ये ना बघायला, देवघरात लायटिंग लावलीय. रनिंग हाय, राव. लाल-हिरवी-निळी. मधी मधी थांबती आन पुन्हा पळती.

द्रौपदा — आला बघ. देवघर हाय का ढाबा? देवीला काय तंदुरी पायजे का? झेंडूच्या माळा काय कमी पडल्या व्हत्या?

समाधान — डेकोरेशन नको का? घट... म्हणजे खाली तसं बोडकं दिसतंय ना. वर लायटिंग असलं की खाली कुणाची नजर जात नाय.

द्रौपदा — सरूबाईची नजर? ती लायटीच्या उजेडात आजून चांगली बघंल. ते जाऊ दे. उद्या सकाळी हिला ओतूरला सोडून ये गाडीवर.

समाधान — उद्या?

द्रौपदा — वन्सं यायच्या आत. दसरा झाला की आणशील.

समाधान — हां... बरं. सोडतो.

अमृता — बरं?

समाधान — काय?

अमृता — काही नाही. नुसतं 'बरं' ऐकलं, म्हणून विचारलं.

द्रौपदा — मी गोठ्यात जाऊन धार काढते. वासरू वरडतंय कवाचं. तेल तापलंय, जळू देऊ नका. आन तू रे, हिला शिकव जरा, कडाकणीला भोक पाडल्याबिगर टांगायची कशी? तुझ्या लायटीवर?

अमृता — गेल्या. बोला आता.

समाधान — काय बोलू? तू अशी बघू नको ना. मला टेन्शन येतं.

अमृता — तुम्हाला टेन्शन. तिसऱ्या माळेला मी झेंडू तोडायला गेले, तेव्हाच बघितलं. कांदाचाळीच्या कडेला घमेलंभर माती उकरलेली. आजूबाजूला बघावं तर गवताचं एक पातं नाही, सगळं करपून गेलेलं. त्याच जागेवर तुम्ही पितृपक्षात तणनाशक मारलं होतं. साप येतो म्हणून. आईंनी घटासाठी माती कुठनं आणायला सांगितली होती?

समाधान — जांभळीखालच्या वावरातनं.

अमृता — आणि तुम्ही?

समाधान — अगं, मॅच चालू व्हती. शेवटच्या दोन ओव्हर राह्यल्या व्हत्या. जांभळीखाली रेंज नाय.

अमृता — देवीचा घट मेला, कारण जांभळीखाली रेंज नाही.

समाधान — हळू बोल! मला काय माहीत, ते औषध मातीत एवढं टिकतंय? मी सांगणारच व्हतो आईला. चौथ्या माळेला सांगणार व्हतो, तेवढ्यात आत्याचा फोन आला आन आई लई तापली. देवीला इषाची माती घातली म्हटल्यावर ती मला जित्ता ठेवंल का? मग म्हटलं, दसरा झाला की कोण इचारतंय.

अमृता — आईंनी मला अंगणात विचारलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात?

समाधान — हितंच व्हतो.

अमृता — बाजेवर होतात. मोबाइल बघत होतात. उलटा धरला होता मोबाइल.

समाधान — मी तुला रात्री सॉरी म्हणलो ना. आन आईला सांगू नको म्हणून शपथ घातली, ती काय कायमची नाय घातली. तीन-चार दिवसाचा तर प्रश्न हाय. माहेरच हाय, काय जेल नाय. आराम कर जरा.

अमृता — किती काळजी. आणि माझे आईवडील विचारतील, ऐन दसऱ्यात कशी आलीस? त्यांना काय सांगू, आराम करायला?

समाधान — ऐक, तुला जायची गरजच पडणार नाय. मी मॅनेज केलंय. कुंडलिकच्या नर्सरीतनं ट्रे आणलाय. कांदाचाळीत झाकून ठेवलाय. आई झोपली की घटाखालची माती काढायची आन ट्रेमधली रोपं बसवायची. सकाळी आई बघती तर घट हिरवागार! देवी पावली. मग कोण तुला धाडतंय?

अमृता — कसली रोपं?

समाधान — टोमॅटोची.

अमृता — काय म्हणालात?

समाधान — दुसरं काय नव्हतं त्याच्याकडं. फ्लॉवर व्हता, पण त्याची पानं लगेच ओळखू येतात.

अमृता — गहू, मका टाकला आणि टोमॅटो उगवला.

समाधान — बारकं असताना समदं सारखंच दिसतं गं. कोंब ते कोंब.

अमृता — शेतकऱ्याचा मुलगा आहात. आज कळलं मला, तुमचे आबा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात एकटेच का जातात. आणि दसऱ्याला घटाचे कोंब टोपीत खोवून भैरोबाला जायचं असतं. तेव्हा काय खोवाल?

(द्रौपदा दुधाची चरवी घेऊन दारात उभी आहे.)

द्रौपदा — टोमॅटोच खोवंल. येताना कोथमीर घेऊन ये म्हणाव, कोशिंबीर करू.

समाधान — आई! तू... धार एवढ्यात झाली?

द्रौपदा — गाईनं लाथ मारली. शहाणी हाय ती, तिला कळलं, माझं काम हितं हाय. मी तुझ्या टेन्शनपासनं ऐकतेय. कांदाचाळीची माती?

समाधान — चुकून झालं, आई. माती ती माती, म्हटलं.

द्रौपदा — माती ती माती, कोंब ते कोंब. आन बायको ती बायको, व्हय ना? ही ओतूरला गेली तर गेली. मी देवीम्होरं नाक घासतेय, माज्यावर का रुसलीस म्हणून. सकाळ-संध्याकाळ उपास. ती बिचारी कुठं रुसलीय, तिला तर तू इष पाजलंस! आन वरनं लायटी लावल्यास. पळणाऱ्या!

समाधान — तू रागावशील म्हणून नाय सांगितलं.

द्रौपदा — म्या रागावू नये म्हणून हिला बाटगी ठरू दिलीस. मिशा कशाला ठेवल्यास रे? कडाकणीला भोक पाडायला तरी कामाला येत्यात का बघ. आन तू गं? तिसऱ्या माळेपासनं ठावं व्हतं, तर बोलली का न्हाईस?

अमृता — बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, स्वतःचं झाकायला नवऱ्यावर ढकलते. खरं सांगा, म्हणाला असता ना?

द्रौपदा — म्हनले असते.

अमृता — म्हणून मी वाट बघत बसले. वाटलं, आज बोलतील. अंगणात विचारलंत तेव्हा वाटलं, आता तरी बोलतील. मघाशी तुम्ही म्हणालात ओतूरला सोड, तेव्हाही वाटलं. ते 'बरं' म्हणाले.

द्रौपदा — मी चुकले, बाई. आमच्यात सासूनं सुनेला असं म्हणायची रीत न्हाई, पण चुकले ते चुकले. चार बायांत मी तुला नको ते इचारलं. कुशाबाईलाबी सांगंन तसं. तिचं तोंड बघायचं माज्या जिवावर येतंय, तरी जाईन. आता तू, समाधान. लाव फोन वन्संना. मोठा आवाज कर, दोघींना ऐकू यील असा.

समाधान — उद्या येणारच हाय ना आत्या. समोरासमोर सांगतो.

द्रौपदा — लाव म्हनते ना.

समाधान — हॅलो, आत्या... हां, समाधान. बरी हायेस ना? नाय, नाय, सहज. ते घटाचं... हां, बोडकाच हाय. ते काय झालं आत्या, अमृताचा काय संबंध नाय त्यात. ते आपलं... बियाणंच बोगस निघालं. दुकानदारानं फसवलं बघ. हल्ली लई फसवतात.

द्रौपदा — आण हिकडं तो फोन.

समाधान — आई, थांब ना, झालं ना सांगून...

द्रौपदा — आण! वन्सं, मी बोलतेय. बियाणं घरचं हाय, चांगलं खणखणीत. पोरगं बोगस निघालं. त्यानं तणनाशक मारल्याली माती आणून घटाला घातली आन आठवडाभर मूग गिळून बसला. न्हाई, सुनेनं न्हाई सांगितलं. म्या माज्या कानानं ऐकलं... अवो, तुमी बोललात, मी बोलले, दोघींनी मिळून पोरीला उगाच भाजून काढलं. आता तुमी तुमच्या पुरतं बघा, मी माज्या पुरतं बघते. उद्या या. घट बोडकाच ठेवणार हाय, झाकणार न्हाई. फुलोरा माझी सून बांधंल. ठेवते.

समाधान — संपलं. आता भावकीत मला तोंड दाखवायला जागा नाय.

द्रौपदा — तोंड नको दाखवू. तो ट्रे उचल आन कुंडलिकाला परत दिऊन ये. टोमॅटोची रोपं तरी जगू दे.

समाधान — जातो. अमृता, आता झालं ना तुझ्या मनासारखं? उगं बॅग-बिग भरू नको. मिटलं समदं.

अमृता — आईंचं मिटलं.

समाधान — आन आपलं?

अमृता — उद्या आत्या आल्या की त्यांच्या देखत फुलोरा बांधीन. सगळ्या कडाकण्या माझ्या हातानं टांगीन. मग दुपारच्या गाडीनं ओतूरला जाईन.

समाधान — सोडायला येऊ?

अमृता — नको. एसटी आहे.

द्रौपदा — आता गं का? आता तर तुला कुणी धाडत न्हाई.

अमृता — म्हणून तर जाते, आई.