पेटी झोपली एसीत

तुम्ही लॅकरचं विचारता, तर माझ्या सासूबाईंच्या पेटीचं ऐका. वर्षावासात दर पौर्णिमेला त्या विहारात पेटीवर भीमगीतं म्हणतात. पेटीचा रंग पार उडाला होता, म्हणून मी ती घासून लॅकर मारलं. आमचं घर रायपूरच्या बूढ़ा तालाबजवळ, पावसाळ्यात हवा कायम ओली. वाळता वाळता सारी पेटी दुधासारखी पांढरट पडली. घासून पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

नवरा म्हणे, "सोड आता. दिवाळीनंतर कर."

मी म्हटलं, "पौर्णिमा परवा आहे. मी करूनच दाखवतो."

घरात कोरडी खोली एकच, एसीची, अन् तिथं सासूबाई झोपतात. लॅकरच्या वासात त्या झोपतील कशा? मी भीत भीत विचारलं. त्यांनी गादी उचलली अन् हॉलमध्ये टाकली.

रात्री मी पेटी तिथं नेऊन, घासून पुन्हा लॅकर मारलं. सकाळी पेटीवर लाकडाची रेघन् रेघ चमकत होती. नवरा मात्र चिडला, "आई, पेटी एसीत, अन् तू इथं घामानं भिजून राहिली?"

आईंनी पदरानं मान पुसली. "अंग पुसलं का मी कोरडी होतो रे. पेटीचं तसं नाही."