अप्पाच्या बंडीतल्या गोळ्या

जमलेल्या मंडळींनो, आयाबायांनो, अप्पाच्या घरच्यांनो,

मला भाषण येत नाही. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. घरून निघालो आणि दोनदा माघारी फिरलो. दार लावलं का ते बघायला आलो, असं बायकोला सांगितलं. खोटं होतं. इथं यायचीच भीती वाटत होती. पण आज बोललो नाही तर एका बाईच्या माथ्यावर कायमचा डाग राहील. म्हणून उभा आहे. मध्येच थांबलो तर थांबू द्या, खाली बसवू नका.

आपल्या विश्वनाथअप्पाला जाऊन आज नऊ दिवस झाले. मोंढ्याजवळचं त्याचं किराणा दुकान तुम्हाला माहीत आहे. दुकान पोराच्या हाती दिल्यापासून रोज सकाळी आम्ही दोघं चालायचो. मोंढ्यापासून कापसाच्या जिनिंगपर्यंत आणि परत. ऊन, थंडी, काही असो. मी भित्रा माणूस. छातीत जरा कळ आली की रस्त्यातच नाडी धरून बसायचो. तो म्हणायचा, "नाना, चालतो का मयताला निघाला बे? उचल पाय!" मी म्हणायचो, "अप्पा, मला कायतरी व्हतंय." तो म्हणायचा, "तुला काय बी न्हाई झालं. काळजी तुला खाती. तू भाकर खा."

सिरसाळ्यातल्या किती जणांची तंबाखू त्यानं सोडवली? हात वर करू नका, मला माहीत आहे. पहाटे उठा, कोमट पाणी प्या, दिवस मावळायच्या आत जेवा, झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, हे सगळं त्याचंच सांगणं. बायको गेल्यावर मी दोन महिने अंथरुणाला खिळलो होतो... नाही, माझी नाही, त्याची बायको गेली होती. खिळला होता तो. बघा, मी असा गोंधळतो. त्यातून तो उठला तो चालण्यानंच. तेव्हापासून सगळ्यांना सांगायचा, मनात काही ठेवू नका, कुणाजवळ तरी बोला, मनात ठेवलेलं माणसाला आतून पोखरतं.

आणि त्याच माणसानं मला एक गोष्ट मनात ठेवायला लावली.

अप्पाला बीपीची गोळी होती. रोज एक. सून, ही मुक्ता, समोर बसली आहे, सकाळी पूजा झाली की पाकिटातून कात्रीनं एक गोळी वेष्टणासकट कापून त्याच्या हातावर ठेवायची. श्रावण लागला. अप्पाचा महिनाभर एक वेळचा उपास. पहिल्याच सोमवारी जिनिंगजवळ त्यानं गोळी काढून मला दाखवली आणि बंडीच्या खिशात टाकली. मी म्हणालो, "आरं, घेतली न्हाईस?" तो म्हणाला, "उपासाला औषध पोटात गेलं तर उपास मोडतो. मुक्ताला सांगू नको, लई वरडंल."

मी म्हणालो, "महिनाभर?" तो म्हणाला, "काहून भितो? महादेव हाय की."

श्रावण संपला. त्याला काही झालं नाही. चालताना दम नाही, डोकं दुखणं नाही. तेव्हा म्हणाला, "बघ नाना, चालण्यानंच बीपी गेलं. गोळी नुसती सवय व्हती." मुक्ता रोज गोळी कापून देत होती. तो रोज तिच्यासमोर वेष्टण फोडल्यासारखं करून पाण्याचा घोट घेत होता आणि गोळी बंडीत टाकत होता. टाकून का देत नाहीस, विचारलं, तर म्हणाला, औषध आहे, उकिरड्यावर कसं टाकू. मला महादेवाची शपथ घातली. मी घेतली. खरं सांगू? मला ते आवडलं होतं. गोळ्या सुटतात, माणूस बरा होतो, हे मला खरं वाटायला हवं होतं. मलाही बीपीची गोळी आहे, पण माझी सोडायची हिंमत झाली नाही. भित्रा होतो म्हणून घेत राहिलो. भित्रा उरला आणि तो गेला.

त्या सकाळी जिनिंगच्या फाटकापाशी त्याचा डावा हात गळाला. तोंड वाकडं झालं. "नाना" म्हणायला गेला, शब्द निघाला नाही. आम्ही त्याला जीपनं अंबाजोगाईला नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?" त्याचा पोरगा महेश म्हणाला, "हो साहेब, रोज. माझी बायको स्वतः देते." मी शेजारी उभा होतो. महेशच्या खांद्याला माझा खांदा लागत होता. मी बोललो नाही.

बोललो असतो तर फरक पडला असता का? मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायला नंतर जाणार होतो, गेलो नाही. काय सांगतील याची भीती वाटते. हो म्हणाले तर कसा जगू? नाही म्हणाले तरी, मी बोललो नाही ते नाहीच.

मातीच्या तिसऱ्या दिवशी बायांनी त्याचे कपडे आवरायला काढले. बंडीतून गोळ्या निघाल्या. ओंजळभर. आणि गावात बोलणं सुरू झालं. "सुनेनं गोळ्या दिल्याच न्हाईत, मागून बंडीत कोंबल्या." "म्हातारा जड झालता तिला." पाणवठ्यावर ऐकलं, पिठाच्या गिरणीत ऐकलं. माझ्या घरातही ऐकलं. मी भाकरी खात होतो, मान खाली घालून खात राहिलो.

बायांनो, त्या गोळ्या एकदा नीट बघा. एकेक गोळी वेष्टणासकट कात्रीनं वेगळी कापलेली आहे. जी बाई देत नाही ती रोज सकाळी कात्री कशाला घेऊन बसेल? तिनं एक दिवस चुकवला नाही. चुकवलं ते त्यानं, आणि झाकलं ते मी.

तुमच्यातल्या दोघांनी, चालण्यानं बीपी जातं हे त्याचं ऐकून, गोळी बंद केली आहे. नावं घेत नाही. आज घरी जाऊन सगळं सांगा. उपास असेल तर डॉक्टरला विचारा, पण लपवू नका. चालणं खोटं नव्हतं, कोमट पाणी खोटं नव्हतं. अप्पाचं सगळं खरं होतं, एवढं एक सोडून. त्या एकानं सगळं नेलं.

मी नऊ दिवस चाललो नाही. पहाटे उठतो, चपला घालतो, उंबऱ्यात बसतो. पुढं काय करायचं कळत नाही. चांगलं काही होईल असं आता वाटत नाही. तुम्हाला खोटा धीर द्यायला मी आलो नाही, माझ्याजवळ तो नाही.

महेश, तुझी माफी मागायला तोंड नाही. मागत नाही.

अप्पा, तुझी शपथ मोडली. मोडायची होती तेव्हा मोडली नाही, आता मोडली. महादेव मला काय करायचं ते करो.

मंडळी, आता दोन मिनिटं अप्पासाठी उभे राहा. कुणी बोलू नका. मुक्ता, लेकरा, तू उठू नकोस. तू बस. तुझ्यासमोर आज आम्ही उभं राहायचं आहे.